कविता सादर करण्याचे पैसे कसे मागता?

पोटमाळा
८ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी संपला, घसा बसलाय आणि खात्यात अजून काही आलेलं नाही. म्हणून हा धागा.

मी ठाण्यात, चरईत राहते. चार वर्षांपूर्वी जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडली. तेव्हापासून मंचावर स्वतःच्या कविता सादर करणं आणि कवितालेखनाच्या कार्यशाळा घेणं, हेच पोटापाण्याचं काम. निवेदक ओळख करून देताना कधी ‘कवयित्री’ म्हणतात, कधी ‘स्पोकन वर्ड आर्टिस्ट’. एकदा ‘मोटिव्हेशनल स्पीकर’ म्हणाले, तेव्हा मी खाली मान घालून माइकपाशी गेले.

हे काम वर्षभर सारखं नसतं, हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मग २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, त्याला लागून आजचा महिला दिन. या सात-आठ आठवड्यांत शाळा, कॉलेजं, बँका, कंपन्या, हाउसिंग सोसायट्या, सगळ्यांना एकदम कविता आठवते. २७ तारखेला मला पाच बोलावणी होती, २८ला एकही नाही. मग परीक्षा येतात. मेमध्ये उन्हाळी शिबिरं, जून कोरडा (बाहेर पाऊस असला तरी), पुढे गणपतीतली एखादी सोसायटी. दिवाळी पहाटेला गाणारे लागतात, आमच्यासारखे बोलणारे नाही.

हिशेब मांडूनच टाकते. गेल्या एप्रिलपासून आजपर्यंत ४६ कार्यक्रम झाले, त्यातले १९ बिनपैशांचे. हल्ली शालीऐवजी रोप देतात. माझ्या गॅलरीत सात कुंड्या आहेत, त्यातल्या दोन जिवंत.

आता मूळ दुखणं. १९ फेब्रुवारीला ऐरोलीच्या एका कंपनीतून फोन आला. २७ला कार्यक्रम, पाऊण तास सादरीकरण आणि नंतर तासाभराची कार्यशाळा. मागणी अशी: “थोडं इन्स्पायरिंग, थोडं फनी, पॉलिटिकल नको. मराठी हवं, पण अर्ध्या लोकांना मराठी येत नाही.” मी म्हटलं, जमेल. मग ते म्हणाले, “तुमचं मानधन काय ते सांगा, मॅडम.” आणि इथे माझी जीभ टाळ्याला चिकटते. दोनशे लोकांसमोर घाबरत नाही मी. या एका प्रश्नाला घाबरते. “वीस हजार,” म्हणाले आणि लगेच पुढे जोडलं, “पण तुमच्या बजेटप्रमाणे बघा.” का म्हणाले? कुणी विचारलं होतं?

ते वीसला तयार झाले. कार्यक्रम चांगला झाला. २८ला मी बिल पाठवलं. परवा उत्तर आलं: व्हेंडर रजिस्ट्रेशन करा, जीएसटी नंबर द्या, आणि पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे काम देण्याचा कंपनीचा लेखी आदेश) नसल्यामुळे बिल परत करत आहोत.

विचारायचंय एवढंच की तुम्ही आकडा कसा सांगता, कधी सांगता, आणि पैसे हातात पडेपर्यंत काय काय करता? कवी, नट, निवेदक, गाणारे, चित्रकलेचे क्लास घेणारे, कुणीही सांगा.

आठ_बावन्न
८ मार्च, रात्री ११:४१

“पण तुमच्या बजेटप्रमाणे बघा” हे वाक्य माझ्या बायकोने रिक्षावाल्यालाही म्हटलं आहे. तो मीटरप्रमाणेच बघतो. तुम्हीही मीटर लावा.

बोरूबहाद्दर
९ मार्च, सकाळी ७:०५

मी पस्तीस वर्षं लिहितोय. दोन संग्रह निघाले, दोन्हींना पदरचे पैसे घातले. कवितेचा दर ठरला की कवी दरासारखं लिहायला लागतो. “पॉलिटिकल नको” ही अट ऐकून तुम्ही “जमेल” म्हणालात, ही खरी अडचण आहे, पीओ नाही. कठोर वाटेल, पण लिहितो.

शाहिरी_डफ
९ मार्च, सकाळी ९:३०

बोरूकाका, आदर राखून. कवितेचे पैसे घेणं काल कुणी सुरू केलेलं नाही. पेशवाईतल्या शाहिरांना बिदागी मिळायची, कीर्तनकाराला आजही मिळते. फुकट कविता ही छापील संग्रहांची सवय आहे, तोंडी कवितेची नाही.

आमचे आजोबा कलापथकात ढोलकी वाजवायचे. बाबासाहेबांच्या जयंतीपासून पुढे दोन महिने घरी नसायचे. त्यांचं म्हणणं, पैशाला कुठला शब्द वापरता त्यावर तो कधी मिळणार ते ठरतं. बिदागी म्हणजे बिदा करताना द्यायची, कार्यक्रम झाल्यावर, देणाऱ्याचा हात सैल असेल तशी. मानधनात मान आधी, धन सवडीने. सुपारी मात्र आधी. तमाशाच्या फडाची तारीख सुपारीशिवाय पक्की होत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास कधी नारायणगावला जाऊन बघा. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी यात्रेसाठी फड ठरवायला येतात, समोरासमोर बसून घासाघीस होते आणि पैसे दिल्यावरच ते उठतात. तिथे कुणाची जीभ टाळ्याला चिकटत नाही.

ताई, तुम्ही मानधन मागू नका. सुपारी घ्या.

आठ_बावन्न
९ मार्च, सकाळी ९:३४

आमच्या मुंबईच्या पेपरांनी सुपारीचं काय करून ठेवलंय ते विसरू नका. “ऐरोलीच्या कंपनीकडून कवयित्रीने घेतली सुपारी.” ब्रेकिंग.

ट्रान्सहार्बर
९ मार्च, दुपारी १:१५ (जेवणाच्या सुट्टीत टंकतोय)

तुमच्या कंपनीत नाही, पण तशाच एका आयटी कंपनीत मी कर्मचाऱ्यांचे कार्यक्रम ठरवतो. म्हणजे तुम्हाला फोन करणारा माणूस तो मीच, असं समजा. आमच्या बाजूने काय घडतं ते सांगतो. चिडू नका.

एक तर आम्हाला २७ तारीख १९लाच आठवते. कारण वरून मेल १८ला येतो. दुसरं, जो फोन करतो त्याच्या हातात पैसे नसतात. पैसे फायनान्सकडे, आणि फायनान्सला कविता दिसत नाही, पीओ नंबर दिसतो. परचेस ऑर्डर ही कार्यक्रमाच्या आधीच्या तारखेची लागते. नंतरच्या तारखेची काढायची तर आमच्या माणसाला त्याच्या साहेबाकडून खास मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मागायला तो लाजतो, जसे तुम्ही आकडा सांगायला लाजता. म्हणून तो तुमच्या मेलला उत्तर देत नाही. ती बदमाशी नसते हो, बहुतेक वेळा ओशाळलेपण असतं.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर फक्त तारीख विचारा. आकडा मेलवर पाठवा आणि शेवटी एक ओळ घाला: पीओ नंबर आल्यावर तारीख पक्की समजेन. पीओ मागणारा कलाकार आला की आमच्याकडे त्याला उलट गंभीरपणे घेतात.

आता घाईचं. आमच्यासारख्यांची वर्षाची बजेटं ३१ मार्चला मरतात. तुमचं बिल एप्रिलमध्ये गेलं तर ते नव्या वर्षाच्या पैशातून द्यायचं की जुन्या, यावर तीन मेल होतील. या आठवड्यात मागे लागा. फोन करणाऱ्याला नाही, त्याच्या वरच्याला सीसीत ठेवून.

आणि बजेटचं म्हणाल, तर कार्यक्रमाला फुगे आणि केक यांना किती जातात ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला झोप लागणार नाही.

पोटमाळा
९ मार्च, सायंकाळी ६:५०

फुग्यांचा आकडा व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगा.

बोरूबहाद्दर, तुमचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. खरं सांगते. माझी एक कविता आहे, गटार साफ करताना आत उतरलेल्या माणसाच्या बायकोची. कॉलेजात ती म्हटली की हॉल गप्प होतो. ऐरोलीत मी ती यादीतून काढली. कुणी काढायला लावली नाही, “पॉलिटिकल नको” ऐकून मीच काढली. त्याऐवजी लोकलच्या चौथ्या सीटची कविता म्हटली, लोक हसले. तेव्हा तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण दर नसता तर मी ती म्हटली असती का? बहुधा तेव्हाही नाही. माझी भीती पैशाच्या आधीची आहे.

ट्रान्सहार्बर, पीओचं सगळं उतरवून घेतलं. जीएसटी नंबर मात्र माझ्याकडे नाही. घ्यायलाच हवा का?

खतावणी
९ मार्च, रात्री १०:१०

नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. तुमचा वर दिलेला हिशेब बघता आपण त्या दुःखापासून लांब आहोत. कंपनीला एका कागदावर सहीनिशी लिहून द्या की उलाढाल मर्यादेच्या आत असल्यामुळे नोंदणी नाही. बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं.

टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर): व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात. एका कंपनीकडून वर्षभरात ५०,००० पर्यंतच्या फीवर कापायची गरज नसते (१ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती), पण अनेक कंपन्या सरसकट कापतात. कापला तर रडू नका, तो बुडत नाही. २६एएसमध्ये (तुमच्या नावे कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या तक्त्यात) दिसतो का ते बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात, तेव्हा बिलावर पॅन छापाच. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील. म्हणून इथे मुद्दामच आकडे देत नाही.

निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची जी सोय आहे, ती ठरावीक व्यवसायांच्या यादीसाठी आहे. यादीत डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, चित्रपट कलाकार वगैरे आहेत. कवी असा शब्द नाही. तुमचं काम कुठे बसवायचं ते तुमच्या सीएला कागद दाखवून ठरवा, धाग्यावर नको.

आता कामाची गोष्ट. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली की ती खासगी दलालाची समजा. सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्याला सेवेचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण कशीही झाली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. याहून मोठा धाक म्हणजे, मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च कंपनीला त्या वर्षीच्या करातून वजा मिळत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. ‘उद्यम क्रमांक’ एवढे दोन शब्द बिलावर दिसले की अकाउंट्सवाला खुर्चीत सरळ बसतो.

मात्र नोंदणी कामाच्या आधीची असावी. आज काढून फेब्रुवारीच्या बिलाला लावायला गेलात तर वाद होईल. ऐरोलीचे पैसे तुम्हाला गोड बोलूनच काढायचे आहेत.

गुरुजी_कोपरखैरणे
१० मार्च, सकाळी ६:१५

मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. विंदा, पाडगावकर आणि बापट यांनी एकत्र फिरून गावोगाव कविता ऐकवल्या, तो काळ मी पाहिला आहे. त्यामुळे ‘सादरीकरण’ हा शब्द नवा वाटला तरी गोष्ट नवी नाही.

मला कार्यशाळांबद्दल विचारायचे आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पहिलीपासून दहावीपर्यंत. आमच्या नोडमधल्या इंग्रजी शाळा त्यामुळे बाहेरून कुणाकुणाला बोलावतात. मुले एक तास हसतात, फोटो निघतात, पाहुणे जातात. दुसऱ्या दिवशी शिक्षकाच्या हाती काय उरते? हा आरोप नाही. आपण नेमके काय करता ते समजून घ्यायचे आहे.

पोटमाळा
१० मार्च, दुपारी ३:४०

गुरुजी, नमस्कार. हा प्रश्न मला फीपेक्षा आवडला, म्हणून जरा लांब लिहिते.

मी तीस मुलं मागते. मिळतात एकशे वीस. “मॅडम, सगळ्यांनाच लाभ होऊ दे.” पूर्वी मी ते मान्य करायचे आणि मग ती कार्यशाळा उरायची नाही, सभा व्हायची. आता सांगते, एकशे वीस असतील तर मी तासभर कविता ऐकवीन आणि त्याला कार्यशाळा म्हणणार नाही. तीस असतील तरच लिहिणं.

पहिली वीस मिनिटं कागद नाही. मुलांना म्हणते, आज सकाळी घरातून निघेपर्यंत ऐकलेला एक आवाज तोंडाने करून दाखवा. कुकर येतोच, दर वेळी. पण मग वॉचमनची काठी येते, पाणी येण्याआधी नळाने टाकलेला सुस्कारा येतो, एका मुलाने आजोबांच्या कवळीचा आवाज काढला होता. हे आवाज एकामागून एक लावले की ताल होतो, आणि मुलांना कळतं की कविता कानाने सुरू होते.

मग लिहिताना दोनच नियम. ‘निसर्ग’, ‘आई’ आणि ‘पाऊस’ हे शब्द बंद. आणि प्रत्येक वस्तूला तिचं खरं नाव द्यायचं. झाड नाही, कुठलं झाड. बस नाही, कुठली बस. पहिली दहा मिनिटं मुलं पेन चावतात, कारण त्यांच्या मते कविता म्हणजे निसर्ग, आई आणि पाऊसच. यमकाचंही तसंच. पाणी आलं की गाणी येते आणि मागोमाग राणी. यमक मी बंद करत नाही, फक्त म्हणते की राणी तुमच्या बिल्डिंगमध्ये राहत असेल तरच आणा. घणसोलीच्या एका सातवीतल्या मुलाने लिहिलं होतं की त्यांच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते आणि दार उघडत नाही, “जणू तिला काहीतरी आठवतंय.” त्याला आईबद्दल लिही म्हटलं असतं तर हे आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकाच्या हाती काय राहतं? मुलांचे कागद मी नेत नाही, शिक्षकांकडे ठेवते आणि हे दोन नियम फळ्यावर लिहून येते. कुणी ते पुढे चालवतं, कुणी पुसून टाकतं. तुमचा संशय पूर्ण खोटा नाही.

आणखी एक गोष्ट, नव्याने कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी. वर्गशिक्षकांना खोलीबाहेर जाऊ देऊ नका. त्यांना वाटतं एक तास सुट्टी मिळाली, पण थांबवाच. मुलांनी लिहायला सुरुवात केली की कधी कधी भलतंच वर येतं. एका शाळेत नववीतल्या मुलीने जे लिहिलं ते वाचून माझे हात गार पडले. मी ते मोठ्याने वाचलं नाही, तिलाही वाचायला लावलं नाही. तास संपल्यावर शाळेच्या समुपदेशक बाईंकडे गेले, तिला विचारून. त्याच दिवशी. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, “शाळेची बदनामी” हे कारण चालत नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो. मुलांना मनातलं लिहा म्हणायचं तर मनातलं आल्यावर काय करायचं हे आधी ठरवून जा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्या दिवशी मी नशिबाने नीट वागले.

गुरुजी_कोपरखैरणे
१० मार्च, रात्री ८:००

‘जणू तिला काहीतरी आठवतंय.’ धन्यवाद. माझा आक्षेप निम्मा मागे घेतो.

नेरुळची_आई
११ मार्च, दुपारी १२:२५

गुरुजी, उरलेला निम्मा मी उचलते. माझ्या मुलाच्या शाळेत आलेल्या एका सरांनी सगळ्या मुलांकडून एकच कविता पाठ करून घेतली, हातवारे ठरवून. सगळी मुलं “माझी मराठी” म्हणताना छातीवर हात. त्यालाही कार्यशाळाच म्हणाले, पाचशे रुपये वेगळे घेतले.

पोटमाळाताई, मे महिन्यात नेरुळ-सीवूड्सकडे काही घेणार असाल तर कळवा. मुलगा अकरा वर्षांचा आहे, बोलतो भरपूर, लिहीत नाही.

टपरीवरचा_माइक
११ मार्च, रात्री ११:५५

ओपन माइकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. दोन वर्षं घोडबंदर रोडवरच्या कॅफेत मी ते चालवायचो. हिशेब असा: सादर करणाऱ्यानेच दोन-अडीचशे भरायचे, त्यात एक कॉफी आणि सहा मिनिटं. ऐकायला कोण? ज्यांचा नंबर अजून आला नाही ते. नंबर झाला की उठून जातात. शेवटच्या कवीला मी आणि वेटर. वेटर चांगला श्रोता होता, ते सोडा.

पण शिव्या घालूनही सांगतो, मंचावर उभं राहणं मी तिथेच शिकलो. माइक हनुवटीच्या खाली धरायचा नाही, तोंडाला लावायचा नाही, मधे चार बोटं ठेवायची, आणि घाबरलात की त्याचं डोकं मुठीत दाबायचं नाही. दाबलं की तो शिट्टी मारतो. हे कुठल्या मराठीच्या तासाला शिकवलंय?

आम्ही स्लॅमही (कविता सादर करण्याची स्पर्धा) करून बघितलं. शिकागोला १९८६ पासून ग्रीन मिल नावाच्या क्लबमध्ये चालतं तसं. तीन मिनिटं, प्रेक्षकांतूनच निवडलेले परीक्षक, शून्य ते दहा गुण. आमच्याकडे परीक्षक सगळ्यांना साडेनऊ द्यायचे, कारण सगळे एकमेकांचे मित्र. तिसऱ्या महिन्यात बंद केलं.

पोटमाळा
१२ मार्च, सकाळी १०:३०

चार बोटांना अनुमोदन. माझ्या बॅगेत माझा स्वतःचा वायरवाला माइक असतो. वायरलेसची बॅटरी प्राचार्यांच्या भाषणातच संपते.

स्लॅम मी कॉलेजांत वापरते, पण गुण काढून टाकून. फक्त तीन मिनिटांची घंटा ठेवते. मराठी कवीला घंटा ही संकल्पनाच नवीन आहे.

आणि फुकटचं म्हणाल, तर सगळंच फुकट वाईट नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. अशा ठिकाणी किंवा एखाद्या वाचनालयाच्या छोट्या बैठकीत मी पैसे न घेता वाचते, आनंदाने. समोर वीस-पंचवीस लोक असतात, बहुतेक निवृत्त. पण एकही मोबाइल बाहेर नसतो आणि नंतर एक आजोबा हळूच येऊन सांगतात की तिसऱ्या ओळीतला शब्द तुम्ही चुकीचा वापरलात. तो शब्द खरंच चुकलेला असतो. जिथे चहासुद्धा वर्गणीतून होतो तिथे काय बिल लावायचं. माझा राग तिथे आहे जिथे मांडववाला, केटरिंगवाला, फोटोग्राफर, सगळ्यांचे पैसे ठरलेले असतात आणि कवितेपाशी आल्यावर “एक्स्पोजर मिळेल” निघतं.

कलम_बहाद्दर
१२ मार्च, दुपारी २:१०

वकील आहे, बोरूबहाद्दरांशी नातं नाही. एक भर घालतो. कार्यक्रमाचा व्हिडिओ कंपनी आपल्या पानावर टाकते, त्याबद्दल काही लेखी ठरवता का? कवितेचा हक्क तुमचा आहे आणि कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो. त्या लेखी करारात मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर भारत, एवढंच गृहीत धरतात. म्हणून हल्ली फॉर्मवर “कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, सर्व माध्यमांत” अशी ओळ छापलेली असते. ती वाचा. खोडा. खोडून शेजारी सही करा. पाऊण तासाच्या कार्यक्रमाला आलेल्याने कविता कायमची देऊन यायचं काही कारण नाही.

बोरूबहाद्दर
१२ मार्च, रात्री ९:२०

‘खोडा’ हे आवडले.

पोटमाळाबाई, तुम्ही गटाराच्या कवितेबद्दल लिहिलेत ते प्रामाणिक आहे. माझे मत बदललेले नाही. पण ती कविता कुठे ऐकायला मिळेल?

शाहिरी_डफ
१३ मार्च, सकाळी ८:४५

काका, मी सांगतो. ताई, १४ एप्रिलला आमच्या दिघ्याच्या मंडळात या. सायंकाळी मिरवणुकीच्या आधी तासभर. पोरांशी बोललोय. ती कविता पहिली म्हणायची. किती घेणार ते इथेच सांगा, सगळ्यांसमोर, म्हणजे तुम्हाला सवय होईल.

पोटमाळा
१३ मार्च, सकाळी ९:०२

पाच हजार.

(पुढे काहीही जोडत नाहीये.)

शाहिरी_डफ
१३ मार्च, सकाळी ९:०६

वर्गणीचं मंडळ आहे. तीन.

पोटमाळा
१३ मार्च, सकाळी ९:०९

साडेतीन, आणि साउंडवाला तुमचा.

शाहिरी_डफ
१३ मार्च, सकाळी ९:१०

पक्कं. दीड हजार आत्ता पाठवतो. नंबर व्यनि करा.

आठ_बावन्न
१३ मार्च, सकाळी ९:१५

आज ऑफिसला उशीर झाला, पण नारायणगाव बघितलं.

पोटमाळा
१५ एप्रिल, सकाळी ११:००

धागा वर काढतेय. उद्यम नोंदणी झाली, पाऊण तास लागला, पैसे शून्य. मेमध्ये नेरुळला सहा दिवसांचं शिबिर ठरलं, पंधरा मुलं, फी आधी. नेरुळची_आई, तुमचा मुलगा यादीत पहिला आहे.

काल दिघ्याला गेले. चार वाजता ठाण्याहून गाडी धरली, दिघा गाव स्टेशनला उतरले. २०२४ मध्ये हे स्टेशन झालं म्हणून बरं, नाहीतर ऐरोलीला उतरून मागे यावं लागलं असतं. मंडळाची दोन पोरं घ्यायला आली होती, निळे फेटे बांधून. एकाने आधी चहा दिला, दुसऱ्याने खिशातून पाकीट काढून दोन हजार माझ्या हातावर मोजले. मी म्हटलं, कार्यक्रमानंतर द्या. तो म्हणाला, “नंतर डीजे सुरू होतो ताई, मग कुणी कुणाला सापडत नाही.”

समोर बायका खुर्च्यांवर, पुरुष कडेने उभे, पोरं स्टेजच्या पायऱ्यांवर. वायरलेस पहिल्या मिनिटाला गेला, मी बॅगेतला माइक काढला. गटाराची कविता पहिली म्हटली. कॉलेजात हॉल गप्प होतो म्हटलं होतं ना, इथे तसं झालं नाही. तिसऱ्या कडव्याला मागून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “दोरी पण नव्हती बांधलेली.” माझ्या कवितेत दोरी नाही. त्या त्यांच्याकडचं सांगत होत्या. मी थांबले. त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या, मग म्हणाल्या, “म्हण तू.” मी पुढे म्हटली. उतरल्यावर त्यांना शोधलं, पण डीजे सुरू झाला होता आणि खरंच कुणी कुणाला सापडत नव्हतं.

उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या झब्ब्यातले एक गृहस्थ वहीत काहीतरी टिपत होते. बोरूबहाद्दर, तुम्ही होतात का?

आणि हो, साडेतीन ठरलेले, दीड आधी आलेले, त्यावर दोन. शाहीर, तुमची वजनकाटा-बुद्धी मला कळली आहे. त्यातले पाचशे शिबिरातल्या एका मुलाच्या फीत धरतेय, तुमच्याच गल्लीतला शोधून पाठवा.

बोरूबहाद्दर
१५ एप्रिल, दुपारी १२:३०

होतो. दुसऱ्या कडव्यातली चौथी ओळ लांबते आहे, बघा. दोरीचे मात्र कवितेत घालू नका. ती त्यांचीच राहू द्या.

आठ_बावन्न
१५ एप्रिल, दुपारी १२:४१

सगळं ठीक. ऐरोलीच्या वीस हजारांचं काय झालं?

पोटमाळा
१५ एप्रिल, दुपारी १२:४८

मागच्या तारखेचा पीओ २४ मार्चला निघाला. बिल दुसऱ्यांदा पाठवलं. काल पहिल्या बिलाला ४५ दिवस झाले. उद्या सकाळी फोन करतेय, पीओ नंबर कागदावर लिहून समोर ठेवलाय.